स्टेकसाठी बीफ मुरवताना: पिशवीत, हवेत आणि दोन्हींच्या मधोमध

बीफ मुरवलं (म्हणजे मसाला न लावता थंडीत काही दिवस ठेवलं) की मऊ होतं, आणि ड्राय एज केलं (म्हणजे उघड्या गार हवेत मुरवलं) की सगळ्यात मऊ होतं, असं स्टेकहाउसच्या मेनूपासून मांसाच्या दुकानापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. यातलं पहिलं खरं आहे, दुसरं चूक. मऊपणा दिवसांमुळे येतो. मांस बंद पिशवीत असो की जाळीवर उघडं, तेवढ्याच दिवसांत ते जवळपास तेवढंच मऊ होतं, आणि बहुतेक अभ्यासांतही हेच दिसून आलं आहे. हवा लागली की बदलते ती चव. हे दोन हिशेब वेगळे धरले, की कोणता तुकडा कसा आणि किती दिवस ठेवायचा हे ठरवणं सोपं जातं आणि पैसेही वाचतात.

आम्ही हे काम न्यू जर्सीत घरी करतो, तळघरातल्या वेगळ्या फ्रिजमध्ये. व्हॅक्यूम पिशवी, उघडी हवा आणि बाष्प बाहेर सोडणारी खास पिशवी, अशा तिन्ही तऱ्हांनी. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही २०१५ पासून बंदी आहे, तेव्हा हे लेखन मुख्यतः परदेशात राहणाऱ्या आणि बीफ खाणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे.

आपली मांसाची सवय ताज्याची. मटण सकाळी आणायचं, दुपारी रस्सा. तिथे ते बरोबरच आहे, कारण तासभर ओल्या आचेवर कोलॅजन (मांस बांधून ठेवणारं चिवट प्रथिन) विरघळतं आणि चिवटपणा रश्श्यात जातो. स्टेक तव्यावर जेमतेम दहा मिनिटं असतो, आणि आतून पंचावन्न-छप्पन्न अंशांच्या (सेल्सिअस) पुढे तो सहसा न्यायचा नसतो. त्या वेळात, त्या तापमानाला चिवट मांस मऊ होणं शक्य नाही. ते काम आधीच, थंडीत, व्हावं लागतं.

ते होतं असं. जनावर कापल्यावर स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनचं (एक प्रकारच्या साखरेचं) लॅक्टिक आम्ल होत जातं आणि सातच्या आसपास असलेला पीएच (आम्लतेचा आकडा; जितका कमी तितकं आम्ल जास्त) दिवसभरात साडेपाचच्या जवळ उतरतो. त्याच सुमारास स्नायू ताठरतात. पुढच्या दिवसांत कॅलपेन नावाचं एन्झाइम तंतूंना एकमेकांशी बांधणाऱ्या डेस्मिन, टायटिन अशा प्रथिनांचे तुकडे पाडतं आणि मांस सैलावतं. कॅलपेनला आवर घालणारं प्रथिन म्हणजे कॅलपास्टॅटिन. ते जितकं जास्त, तितकं मांस सावकाश मऊ होतं. बाजारात याचा फरक सरळ जाणवतो: वशिंडाच्या जनावरांत कॅलपास्टॅटिन जास्त असतं. अमेरिकेतल्या ब्राह्मन जातीच्या मुळाशी आपलीच गुरं आहेत: गीर, कांकरेज, ओंगोल आणि सांगलीपासून उत्तर कर्नाटकापर्यंतच्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली. टेक्सास-फ्लोरिडाच्या उन्हात तग धरावा म्हणून हे रक्त तिथे मिसळलं गेलं. अशा जनावराच्या लॉइनला (पाठीच्या मांसाला) अँगस या बिनवशिंडाच्या जातीपेक्षा जास्त दिवस द्यावे लागतात. ऑस्ट्रेलियात मांसाची प्रत ठरवताना वशिंडाची उंची मोजतात, ती याच कारणाने.

कॅलपेन कोलॅजनला जवळजवळ हात लावत नाही, हे नीट लक्षात ठेवायला हवं. म्हणून नळीचं मांस, ब्रिस्केट (छातीचं मांस), खांद्याचे बरेचसे भाग कितीही मुरवले तरी स्टेकचे होत नाहीत, ते रश्श्याचेच. टेंडरलॉइन (कण्याखालचा आतला स्नायू) मुळात इतकं मऊ असतं की त्याला मुरवून फारसं काही मिळत नाही. खरा फायदा होतो तो मधल्या गटाला: रिबआय (बरगड्यांवरचा भाग), स्ट्रिप लॉइन (त्यामागचा पाठीचा भाग), टॉप सरलॉइन (कमरेजवळचा भाग). रिबआय आणि स्ट्रिपमध्ये मऊपणाची बरीचशी कमाई पहिल्या चौदा दिवसांत होते, एकविसाव्या दिवसापर्यंत थोडी आणखी, आणि त्यानंतर आलेख जवळजवळ सपाट. टॉप सरलॉइन आळशी आहे. त्याला चार आठवडे दिले तरी चालतात.

काही गोष्टी कत्तलखान्यातच बिघडतात किंवा सुधारतात, आणि पुढे आपल्या हातात फार काही राहत नाही. पीएच सहाच्या खाली उतरायच्या आत मांस दहा अंशांच्या खाली गेलं, तर तंतू आखडतात. हा आखडलेला चिवटपणा मुरवून पुरता जात नाही. म्हणूनच मोठ्या कारखान्यांत धडाला विजेचे झटके देऊन पीएच लवकर उतरवतात. धड टांगायचं कुठून, यानेही फरक पडतो. मागच्या पायाच्या शिरेला टांगण्याऐवजी कमरेच्या हाडाला टांगलं तर रम्प (पुठ्ठ्याचं मांस) आणि लॉइन ताणलेले राहतात आणि जास्त मऊ होतात. टेंडरलॉइन सैल पडल्यामुळे त्याचा थोडा तोटा. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात ही पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात. आणि कापण्याआधी जनावर दमलेलं, घाबरलेलं असेल तर ग्लायकोजेन आधीच संपलेलं असतं. पीएच उतरत नाही, मांस काळपट आणि चिकट राहतं. असं मांस मुरवायला घेऊच नये. पिशवीत ते हिरवट पडून सडक्या अंड्यासारखं घाणू लागतं. काउंटरवर कापलेला भाग दाखवायला सांगा; वीस मिनिटं हवा लागूनही लालभडक होत नसेल तर दुसरा तुकडा मागा.

खरेदीत आम्ही तीन गोष्टी बघतो. एक, तुकडा मोठा आणि अखंड हवा. ड्राय एजिंगसाठी हाडासकट रिब उत्तम: सहाव्यापासून बाराव्या बरगडीपर्यंतचा सात बरगड्यांचा तुकडा, साधारण ८ ते १० किलोचा. घाऊक यादीत तो १०९ए या क्रमांकाने मागता येतो. एवढा नको असेल तर किमान चार बरगड्यांचा घ्यावा. दोन, वरचं चरबीचं आवरण आणि खालची हाडं शाबूत हवीत, कारण वाळण्याचा मार तीच झेलतात. दुकानदार मदत म्हणून चरबी सोलून देतात. आधीच सांगून ठेवावं. तीन, पॅकिंगची तारीख. अमेरिकेत खोक्यावर ती असते, आणि ती कत्तलीनंतर दोन-तीन दिवसांच्या आतली असते. तुकडा तुमच्या हाती येईपर्यंत त्याचे दहा-पंधरा दिवस पिशवीत गेलेले असतात. म्हणजे मऊपणाचं अर्धंअधिक काम झालेलं असतं. ते दिवस मोजायचे. प्रतीचं म्हणाल तर अमेरिकेत वरून खाली प्राइम, चॉइस, सिलेक्ट अशा प्रती आहेत; घ्यायचं ते प्राइम किंवा वरच्या दर्जाचं चॉइस. सिलेक्टमध्ये आतली चरबी इतकी कमी असते की ड्राय एजिंगची चव धरायलाच काही उरत नाही.

आता पिशवी. आज जगातलं बहुतेक बीफ व्हॅक्यूम पिशवीतच मुरतं. आयबीपी या अमेरिकी मांस कंपनीने १९६७ मध्ये सुटे भाग पिशवीत बंद करून खोक्यांतून विकायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत अख्खी धडं पाठवण्याची पद्धत मागे पडली. वेट एजिंग म्हणतात ते हेच. घरी करायचं काम त्यात फारच थोडं आहे. कारखान्यातून आलेली पिशवी न उघडता फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात, शून्य ते दोन अंशांना, ताटात ठेवायची. आठवड्यातून एकदा कूस बदलायची म्हणजे सुटलेलं पाणी एकाच बाजूला साचून राहत नाही. पिशवी अंगाला चिकटलेली हवी. सैल वाटली तर कुठेतरी भोक आहे; त्याच दिवशी उघडून, वास बघून, ठीक असेल तर शिजवून टाकावं. फुगली असेल तर फेकून द्यावी, तिथे विचार करू नये.

पॅकिंगपासून २१ ते २८ दिवस हा आमचा वेट एजिंगचा मुक्काम. चाळिशीच्या पुढे लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंचा आंबूसपणा आणि काळजासारखी, लोखंडी चव वर येऊ लागते. पिशवी उघडल्यावर येणारा कोंदट वास आणि जांभळा रंग हे मात्र खराबीचं लक्षण नाही. आत ऑक्सिजन नसल्यामुळे तसं होतं. तुकडा टिपून जाळीवर अर्धा तास ठेवला की वास उडतो, रंग लाल होतो. अर्ध्या तासानेही वास तसाच असेल तर मांस गेलं. नवशिके इथे हमखास एक चूक करतात: सुपरमार्केटच्या ट्रेमधला स्टेक आणून घरच्या मशीनवर व्हॅक्यूम करतात आणि तीन आठवडे ठेवतात. तो तुकडा सुरीखालून, हातांतून, हवेतून गेलेला असतो. त्यावरचे जिवाणू पिशवीत वाढत राहतात. लिस्टेरिया हा आजार देणारा जिवाणू तर फ्रिजच्या थंडीतही वाढतो. मुरवायचं ते कारखान्यातल्या बंद पिशवीतलंच.

याच कारणाने मुंबईत बाजारात मिळणारं म्हशीचं अंडरकट घरी पिशवीत भरून आठवडे ठेवू नये. पहाटे कापलेलं, उघड्यावर टांगलेलं मांस त्या कामाचं नाही, आणि अंडरकट म्हणजे टेंडरलॉइनच असल्यामुळे गरजही नाही. एक-दोन दिवस फ्रिजमध्ये जाळीवर ठेवून शिजवावं.

ड्राय एजिंगचा सगळा खेळ तीन गोष्टींचा: तापमान, आर्द्रता आणि वारा. तापमान एक ते तीन अंश, आर्द्रता ७५ ते ८५ टक्के, आणि वारा मंद पण सगळीकडून. न्यूयॉर्कच्या जुन्या स्टेकहाउसांत यासाठी खास खोल्या असतात. वेस्ट ५२व्या रस्त्यावर १९२७ पासून असलेल्या गॅलघर्सची खोली तर काचेआड असल्यामुळे फुटपाथवरून दिसते. मांडण्यांवर ओळीने ठेवलेले काळपट तुकडे बघून वारा कसा खेळवायचा हे लगेच समजतं. तुकडे एकमेकांना टेकत नाहीत, भिंतीला टेकत नाहीत, आणि खाली फळी नसून जाळी असते.

घरी वेगळा फ्रिज हवाच. रोजच्या फ्रिजचं दार दिवसातून तीस वेळा उघडतं, आणि चरबी वास ओढून घेते: कांदा, मासे, काल उरलेली आमटी, सगळं. वरच्या बाजूला बर्फाचा कप्पा असलेला छोटा फ्रिज घेऊ नये. त्याचं तापमान फार वरखाली होतं. आपोआप बर्फ वितळवणारा, आत पंखा असलेला उभा फ्रिज बरा. तो रिकामा करून सौम्य ब्लीचच्या पाण्याने पुसायचा, पूर्ण कोरडा करायचा आणि दोन दिवस रिकामा चालवून थर्मामीटर बघायचा. थर्मामीटरची सळई पाण्याच्या ग्लासात ठेवावी, म्हणजे हवेचा क्षणिक चढउतार न दिसता खरं तापमान कळतं. त्याच्या शेजारी आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर. वाऱ्यासाठी कॉम्प्युटरमधला १२० मिलिमीटरचा पंखा पुरतो. त्याची चपटी वायर दाराच्या रबरातून बाहेर काढता येते. पंख्याचं तोंड मांसाकडे ठेवू नये, भिंतीकडे ठेवावं. हवा आपटून फिरली पाहिजे. थेट वाऱ्यात एका बाजूची खपली (बाहेरचा वाळून कडक झालेला थर) दुप्पट जाड होते.

तुकडा पिशवीतून काढल्यावर धुवायचा नाही. कागदी रुमालांनी सगळीकडून टिपायचा, हाडांच्या खाचांतूनही, कारण ओल तिथेच लपते. वजन करून चिठ्ठीवर तारखेसह लिहायचं. मग स्टीलच्या जाळीवर चरबीची बाजू वर ठेवून, चारही बाजूंनी पाचेक सेंटीमीटर मोकळे सोडायचे. मागच्या भिंतीला चिकटला तर तेवढा भाग गोठतो आणि गोठलेल्या भागात एन्झाइमचं काम थांबतं.

पहिले तीन दिवस सगळ्यात महत्त्वाचे. ओल्या मांसामुळे आर्द्रता नव्वदपर्यंत चढते, आणि ती उतरून पृष्ठभाग कोरडा झाला पाहिजे. तिसऱ्या दिवशी बोट लावलं तर ते चिकटता कामा नये. चिकटलं, बुळबुळीत लागलं, तर वारा कमी पडतो आहे. पंखा वाढवा, तुकडा फिरवा. त्यापुढे एक दिवस तसाच गेला आणि आंबट वास आला, तर तो तुकडा सोडून द्यावा. याच्या उलटही बिघडतं. आर्द्रता सत्तरच्या बरीच खाली राहिली तर बाहेरची खपली लवकर कडक होते, वजन झपाट्याने उतरतं आणि शेवटी कापून टाकायचा भाग वाढतो. दोन आठवड्यांत बारा-तेरा टक्क्यांहून जास्त घट झाली तर आम्ही पंखा मंद करतो. मिठाच्या गुलाबी विटा फ्रिजमध्ये रचायची पद्धत दिसायला छान आहे, पण पंखा असलेल्या फ्रिजमध्ये त्यांचा आर्द्रतेवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही.

आठवड्याभरात लाल भाग गडद तपकिरी-मरून होतो, दाबला तर वाळलेल्या चामड्यासारखा लागतो, आणि चरबी पांढऱ्याची पिवळसर होते. दोन आठवड्यांपर्यंत वासात फारसा बदल नसतो. तिसऱ्या आठवड्यात दार उघडलं की भाजलेल्या शेंगदाण्यांच्या आणि लोण्याच्या मधला एक वास येतो, आणि तो आला की समजावं, सगळं वेळेवर चाललं आहे. २८ ते ३५ दिवस हा बहुतेकांना आवडणारा टप्पा. ४५ दिवसांना निळ्या चीजची झाक स्पष्ट असते. साठीच्या पुढचं मांस इतकं उग्र की एका माणसाला शंभर ग्रॅम पुरे. ते आम्ही फक्त मागणाऱ्यालाच देतो. अमोनियाचा झोंबरा वास, कुजका वास किंवा दमट आंबूसपणा कुठल्याही टप्प्यावर आला तर मांस टाकून द्यायचं.

बुरशीबद्दल लोकांना फार धास्ती असते. जुन्या खोल्यांत चरबीवर पांढुरकी-करडी, मिशांच्या केसांसारखी बुरशी येते. ती थॅम्निडियम, आणि ती हवीशी मानली जाते, कारण तिच्यामुळे चवीत भर पडते. घरच्या स्वच्छ फ्रिजमध्ये ती बहुतेक वेळा येतच नाही आणि तिच्यावाचून काही अडत नाही. पांढरा पातळ थर आला तर खपलीबरोबर कापला जातो. हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी पसरली असेल तर आर्द्रता जास्त झाली आहे. डाग लहान आणि फक्त चरबीवर असेल तर खोल कापून टाकतो, मांसावर पसरला असेल तर सगळा तुकडा टाकतो.

पाणी उडाल्यामुळे चव दाट होते, असं सांगितलं जातं. मोठ्या तुकड्यात हे फारसं खरं नाही. पाणी मुख्यतः बाहेरच्या थरातून जातं आणि तो थर आपण कापून फेकतो. चव बदलते ती प्रथिनं फुटून मोकळ्या झालेल्या अमिनो आम्लांमुळे, त्यांत उमामी (मांसल, खमंग) चव देणारं ग्लुटामेट आलंच, आणि हवा लागून चरबीत होणाऱ्या बदलांमुळे. त्यातही हाडाजवळचा आणि चरबीच्या काठचा भाग सर्वांत चवदार. म्हणून खपली काढताना चरबीचा सगळा थर सोलून टाकणाऱ्याने महिनाभराच्या चवीतला मोठा भाग कचऱ्यात टाकला असं समजावं.

खपली काढणं हे कौशल्याचं काम आहे आणि ते घाईने होत नाही. तुकडा फ्रिजमधून काढल्या काढल्या, गार असतानाच कापायला घ्यावा. ऊब लागली की चरबी सुरीला लागते आणि बाहेरची घाण आतल्या मांसाला लागते. पाती लवचिक असलेली पंधरा सेंटीमीटरची बोनिंग नाईफ (हाडावरून मांस सोडवायची सुरी) घ्या. आधी काळा पृष्ठभाग पातळ चकत्यांनी सोलायचा, ३ ते ६ मिलिमीटर, खाली एकसारखा लाल रंग लागेपर्यंत. तपकिरी कडा दिसत असेल तर अजून एक चकती. दोन्ही टोकांच्या कापलेल्या तोंडांवर खपली जाड असते, तिथे एक सेंटीमीटरही जातो. चरबीचा पिवळा, मेणचट, खवट वासाचा थर काढायचा आणि पांढरी घट्ट चरबी लागली की थांबायचं. बाहेरचं सगळं सोलून झालं की कापायची फळी आणि सुरी गरम साबणाच्या पाण्याने धुवायची, हात धुवायचे, आणि मगच स्टेक कापायचे. ही धुण्याची पायरी गाळली तर सोलण्याचा उपयोग अर्धा होतो.

आता हिशेब. समजा ८ किलोची रिब किलोला २५ डॉलरने घेतली, म्हणजे २०० डॉलर. ३५ दिवसांत पंधरा टक्के वजन उडालं, राहिली ६.८ किलो. खपली, टोकं आणि मणक्याचं हाड मिळून दीड किलोच्या वर जातं. हातात हाडासकट साधारण ५.२ किलो स्टेक, म्हणजे किलोला साडेअडतीस डॉलर. पिशवीत मुरवलेल्या तुकड्यात एक-दोन टक्के पाणी सुटतं, बाकी सगळं ताटात. तुकडा लहान असेल तर ड्राय एजिंगचा तोटा आणखी वाढतो, कारण पृष्ठभागाच्या मानाने आत उरतं थोडं. एकेक सुटा स्टेक मलमलीत गुंडाळून पाच दिवस फ्रिजमध्ये ठेवायची कृती बऱ्याच ठिकाणी दिलेली असते. त्याने पृष्ठभाग कोरडा होऊन भाजताना रंग छान येतो; ड्राय एजची चव त्यात येत नाही. आणि महिनाभर ठेवलं तर खपली काढून झाल्यावर हाती वाळकी पट्टी उरते.

मधला मार्ग म्हणजे बाष्प सोडणारी पिशवी. अमेरिकेत उमाई नावाने सहज मिळते. पाण्याची वाफ आणि थोडा ऑक्सिजन तिच्यातून ये-जा करतात, जिवाणू आणि बुरशीचे कण येत नाहीत. बिनहाडाच्या स्ट्रिप लॉइनसाठी आम्ही हीच वापरतो, कारण हाडाची टोकं पातळ पडद्याला भोक पाडतात. इथे मात्र मांस टिपून कोरडं करायचं नाही. ओल्या पृष्ठभागाला पडदा चिकटतो, आणि तो चिकटला तरच वाफ नीट बाहेर पडते. सगळी हवा निघाली नाही तरी चालतं. तीन-चतुर्थांश भाग चिकटला तर पुरे. सील करून जाळीवर ठेवा. नेहमीच्या फ्रिजमध्येही जमतं, फक्त खालून-वरून हवा खेळली पाहिजे. २८ ते ३५ दिवसांत बाहेर तीच काळपट खपली येते, घट थोडी कमी होते. चव ड्राय एजचीच, पण एक पायरी खाली: शेंगदाण्याचा खमंगपणा येतो, चीजचा उग्रपणा फारसा येत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला आम्ही हीच पद्धत सुचवतो.

कोजीचा उल्लेख करायला हवा, कारण हल्ली दोन दिवसांत पंचेचाळीस दिवसांचा स्टेक असा दावा त्याच्या नावावर होतो. तांदळावर वाढवलेली अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी दळून स्टेकला चोळायची आणि जाळीवर ४८ ते ७२ तास फ्रिजमध्ये ठेवायची. तिची एन्झाइमं बाहेरचा थर फोडतात, गोडसर आणि उमामी चव येते, स्टेक भराभर तांबूस होतो. छान लागतं. पण ती चव कोजीची. चरबीला महिनाभर हवा लागून येणारी चव त्यात नाही, आणि ७२ तासांच्या पुढे पृष्ठभाग पिठूळ लागायला लागतो. शिजवण्याआधी कोजी पूर्ण धुऊन, टिपून घ्यावी, नाहीतर तव्यावर करपते.

शिजवताना पिशवीतल्या आणि ड्राय एज स्टेकची तऱ्हा वेगळी. स्टेक चार सेंटीमीटर जाड कापावा. पिशवीतला स्टेक ओला असतो. आदल्या रात्री मीठ लावून, न झाकता, जाळीवर फ्रिजमध्ये ठेवला तर पाणी उडतं आणि तव्यावर उकडण्याऐवजी भाजला जातो. ड्राय एज स्टेकला याची गरज नाही, मीठ शिजवायच्या तासभर आधी पुरे. त्यात मोकळी साखर आणि अमिनो आम्लं जास्त असल्यामुळे तो झपाट्याने तांबूस होतो, आणि तेवढ्याच आचेवर करपतोही. आम्ही १२० अंशांच्या ओव्हनमध्ये आतलं तापमान ४६ ते ४८ होईपर्यंत ठेवतो, मग बिडाच्या तव्यावर दोन्ही बाजूंना मिनिटभर आणि चरबीची कड उभी धरून. आत ५४ ते ५६ अंश आले की खाली. अमेरिकी कृषिखात्याची शिफारस ६३ अंश आणि तीन मिनिटांच्या विश्रांतीची आहे. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा वयस्क माणूस असेल तर तीच पाळावी. लसूण, मिरपूड, लोणी पिशवीतल्या स्टेकला खुलवतात. पस्तीस दिवसांच्या रिबला फक्त मीठ.

तिन्ही पद्धतींचे स्टेक एकाच रात्री, तेवढेच दिवस दिलेले, खाणाऱ्याला न सांगता ठेवले, तर चावताना फरक कळत नाही. फरक येतो तो वासात आणि घास गिळल्यानंतर. पिशवीतला स्टेक रसाळ, स्वच्छ, किंचित लोखंडी. उघड्या हवेतला खमंग, तोंडात रेंगाळणारा. बाष्प सोडणाऱ्या पिशवीतला या दोघांच्या मध्ये. आणि सगळ्यांना ड्राय एजच आवडतो असंही नाही. निळं चीज न आवडणारा माणूस बहुधा पिशवीतल्याच स्टेककडे हात नेतो, आणि त्याचं चुकतं असं आम्हाला वाटत नाही. त्याच्यासाठी पाहुणचार करताना किलोमागे तेरा-चौदा डॉलर जास्त खर्च करून उपयोग नाही.

उरलेले स्टेक गोठवता येतात. आधी मुरवायचं, मग खपली काढून, एकेक वेगळा व्हॅक्यूम करून गोठवायचं. खपलीसकट गोठवलं तर तिचा खवटपणा आत उतरतो. उणे अठरा अंशांना मुरणं थांबतं, पण चरबीचं ऑक्सिडेशन सावकाश चालूच राहतं, आणि ड्राय एज चरबीत ते आधीच सुरू झालेलं असतं. म्हणून पिशवीतला स्टेक सहा महिने टिकत असेल, तर हा तीन महिन्यांत संपवावा. वितळवायचा तो फ्रिजमध्ये, एक पूर्ण दिवस देऊन. सोललेल्या स्वच्छ पांढऱ्या चरबीचे तुकडे मंद आचेवर कढवून गाळले तर बटाटे परतायला उत्तम. पिवळे, खवट तुकडे मात्र त्यात एकही जाऊ देऊ नये, नाहीतर सगळी बरणी वाया जाते.